ज्याला चढायचं त्यानं बोलावं

सकारात्मक राहायला पैसे पडत नाहीत, असं बीडच्या ट्रेनिंगमध्ये तो कोटवाला सर म्हणाला होता, तेव्हापासून सुग्रीवचं डोकं जे फिरलं होतं ते अजून जागेवर आलं नव्हतं. वैशाखाचं ऊन, वर पत्रे, पंखे अर्धे बंद, आणि विजेची कामं करून रापलेल्या माणसांना हा गडी सांगतो, रोज सकाळी आरशात बघून हसा! सुग्रीवच्या घरातल्या आरशाला मधोमध तडा होता. त्यात बघून हसलं की दोन तोंडं हसल्यासारखी दिसायची, आणि त्याला सध्या एक तोंड हसवणं जड जात होतं.

मग त्या सरांनी माईक फिरवायला सुरुवात केली. रोज ज्याच्यासोबत काम करता, त्याचे तीन चांगले गुण सांगा. माईक फिरत फिरत सुग्रीवपाशी आला.

"तुमचा सहकारी कोण?"

"राधाकिशन. सबस्टेशनला ऑपरेटर हाय."

"छान! सांगा त्यांचे तीन गुण."

सुग्रीव उभा राहिला, उपरण्यानं मानेचा घाम पुसला आणि म्हणाला, "फुडच्याला इचारा, सर." अख्खा हॉल हसला. चहात साखर कमी होती, जेवणात भाजी पातळ होती, आणि येताना एसटीत बसायला जागा मिळाली नाही. अशा रीतीने सुग्रीव सकारात्मक होऊन गावी परतला.

आता, तीन गुण त्याला माहीत नव्हते असं नाही. तीनशे माहीत होते. युसूफ वडगावच्या शिवारातल्या त्या सबस्टेशनला हे दोघं नोकरीला लागले तेव्हा दोघांच्याही मिशा कोवळ्या होत्या. राधाकिशन आत पॅनेलसमोर, सुग्रीव बाहेर पोलवर. आतल्यानं लाईन बंद करायची, "चढ" म्हणायचं, मग बाहेरच्यानं चढायचं. बाहेरच्यानं खाली येऊन "उतरलो" म्हणायचं, मगच आतल्यानं लाईन सोडायची. याला ते लोक परमिट म्हणतात. कागदावर त्याचे नियम बरेच आहेत, पण खरं परमिट म्हणजे एका माणसाचा आवाज दुसऱ्याच्या कानात. त्या आवाजावर सुग्रीवनं इतकी वर्षं जीव टाकला होता आणि कधी मागं वळून पाहिलं नव्हतं.

बिनसलं ते राधाकिशनच्या पोरीच्या लग्नात, तुळशीचं लग्न झाल्यावरच्या पहिल्याच तिथीला. ऋतुजा सुग्रीवच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिच्या लग्नात सुग्रीवनं काय केलं नाही विचारा. मांडवाची लायटिंग त्याची, पाण्याचा टँकर त्यानं आणला, आचाऱ्याची लाकडं त्यानं फोडली, आणि लग्नाच्या दिवशी पंगतीत बुंदी वाढता वाढता त्याच्या कमरेचा काटा ढिला झाला. इकडं अक्षता पडल्या आणि माईकवर मानपान सुरू झाला. आपल्याकडं लग्नात टॉवेल-टोपी कुणाला मिळाली नि कुणाला नाही, यावरून भावकी फुटते, सोयरीक मोडते, हे काही वेगळं सांगायला नको. एकेक नाव पुकारलं जात होतं. वीज कंपनीच्या शाखेच्या शिवशंकर साहेबांना फेटा. गावपुढारी आप्पारावांना फेटा. ट्रॅक्टरवाल्याला टोपी. अहो, कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही टोपी, जो निव्वळ जेवायला आला होता!

सुग्रीव बुंदीचं घमेलं खाली ठेवून, हात धुऊन, शर्टाची गुंडी लावून मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. आता आपलं नाव येईल, मग येईल. माईकवाल्यानं "नजरचुकीनं कुणाचा मान राहिला असल्यास क्षमा असावी" म्हणून माईक बंद केला तरी ते आलं नाही. शेजारी त्याचा साडू उभा होता. साडू नुसता हसला. त्या हसण्यानं सुग्रीवच्या अंगाची लाहीलाही झाली. तो तसाच, न जेवता, चप्पल शोधून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी राधाकिशन चुकीची माफी मागेल म्हणून हा वाट बघत राहिला. राधाकिशन एक शब्द बोलला नाही. उलट त्याचंच तोंड फुगलेलं. चोर तो चोर आणि वर शिरजोर, म्हणून सुग्रीवनंही तोंड फिरवलं. तेव्हापासून अबोला.

मधल्यामध्ये मरण झालं ते योगिताचं. ही नवी लागलेली सहायक पोरगी. सुग्रीव पोलाखालून तिला फोन करायचा, "त्याला म्हणावं, लाईन बंद कर." ती पॅनेलसमोर बसलेल्या राधाकिशनला सांगायची. राधाकिशन म्हणायचा, "त्याला म्हणावं, बंद केली." ती बिचारी दिवसभर ह्याचं त्याला नि त्याचं ह्याला करून घसा बसवून घ्यायची. शिवशंकर साहेब रोज सकाळी ग्रुपवर सुविचार टाकायचे, 'एकजूट हेच यश'. त्यावर हे दोघंही अंगठा टाकायचे. सहा महिन्यांत दोघं एकत्र आले असतील तर तेवढेच, त्या सुविचाराखाली.

ट्रेनिंगहून आल्यावर थोड्याच दिवसांत, एका दुपारी वावटळ सुटली आणि गावाबाहेर साखराबाईच्या वस्तीजवळ लिंबाची फांदी तारांवर पडली. गावची लाईट गेली. सुग्रीव पोहोचला, फांदी पाहिली, तुटलेली तार पाहिली, आणि सवयीनं योगिताला फोन लावला.

"काका, मी तर सुट्टीवर हाय ना! मामाच्या पोरीची हळद हाय. आज तुमीच बोला की त्यांच्याशी."

मागं कुठंतरी डीजे वाजत होता. पोरीनं फोन ठेवला तो बहुतेक सुटकेच्या आनंदात.

सुग्रीव पोलाखाली बसला. राधाकिशनचा नंबर समोर होता. अंगठा त्यावर जाईना. ऊन असं की दगड तापून वर धग मारत होते. साखराबाईची मेंढरं रिकाम्या हौदाभोवती उभी राहून ओरडत होती. मोटार बंद, हौदात पाणी नाही. गावातून फोनावर फोन. गिरणी बंद हाय. फ्रीजमधलं दूध नासलं. कुणी म्हणालं, झोपला का बे तिथं? सुग्रीव प्रत्येकाला "चालू हाय काम" म्हणत होता आणि बिडी ओढत होता. वीस वर्षं ज्याला उठता-बसता हाक मारली त्याला एक फोन करायचा तर जीभ टाळूला चिकटते, हे कुणाला सांगणार? त्या कोटवाल्याला सांगितलं असतं तर म्हणाला असता, खोल श्वास घ्या.

एवढ्यात आप्पारावांची गाडी आली. काच खाली झाली.

"काय बे सुग्रीव, तारेकडं बघत बसलास. चढ की! लाईट गेलेलीच हाय, करंट कुठून यायलाय?"

"परमिट न्हाई घेतलं, आप्पा."

"तुमचं आपलं कायबी. चढ तू, मी साहेबाला सांगतो." काच वर झाली नि गाडी गेली.

सुग्रीव उठला. खरं सांगायचं तर त्यानं पट्टा कमरेला बांधलासुद्धा. एक पाय पोलवर ठेवला. लाईट तर गेलेलीच आहे, एवढीशी फांदी, दोन मिनिटांचं काम. पण आत बसलेल्याला काय माहीत की आपण वर आहोत? त्यानं तिकडून लाईन एकदा सोडून बघितली तर? मागं घाटनांदूरकडचा एक गडी असाच तारेला चिकटून गेला होता. सुग्रीवनं पाय खाली घेतला. घाम पुसला आणि स्वतःलाच एक शिवी हासडली.

साखराबाई काठी टेकत आली. वयानं आईसारखी, तोंडानं सासूसारखी.

"कशापायी बसलास रे? माझी जित्राबं मरायला लागली."

"मावशी, तुमचा फोन हाय का? एक काम करा. ह्या नंबरला लावा अन त्याला म्हणावं, सुग्रीव म्हणतोय गावची लाईन बंद ठेव."

म्हातारीनं त्याला खालून वर पाहिलं. मग तोच नंबर लावून मोठ्यानं ओरडली, "ह्यो सुग्रीव म्हणतोय, लाईन बंद ठेव म्हणून!" आणि ऐकून म्हणाली, "त्यो म्हणतोय, सुग्रीवला दे."

"त्याला म्हणावं, तूच सांग मावशीला."

"त्यो म्हणतोय, ज्याला चढायचं त्यानं बोलावं. म्हणतोय, योगिता कामावरची हाय, माझ्या डोळ्याम्होरं उभी राहती, म्हणून चालवून घेतलं. मेंढरावाल्या बाईच्या तोंडून मी परमिट द्यायचा न्हाई."

सुग्रीवच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आता नाक घासायला लावतो का हा? सगळ्या गावासमोर? त्यानं म्हातारीच्या हातून फोन हिसकावलाच.

"काय बे राधा! लई माजलास का? इथं जनावरं तडफडायलीत अन तू मला बोलायला लावतो?"

पलीकडून तो ओळखीचा, खरखरीत आवाज. "बोललास का शेवटी."

"बोललो! अन आता बोललोच हाय तर ऐक. गावच्या चहावाल्याला टोपी घातलीस, ट्रॅक्टरवाल्याला घातलीस. मी बुंदी वाढून मरायलो अन माझं नाव घेतलं न्हाई तू. माझ्या साडूम्होरं माझी इज्जत घालवलीस!"

"टोपी?" राधाकिशनला खरंच कळलं नसावं. "टोपीसाठी रुसलास तू? सहा महिने?"

"मग कशासाठी रुसू?"

"माझ्या सख्ख्या भावाचं नाव पुकारलं का त्या माईकवर? माझ्या पुतण्याचं? मान पाहुण्याचा असतोय बे. घरच्याला कोण टोपी घालतं?"

सुग्रीव जास्तच भडकला, कारण हे खरं होतं, आणि ते त्याला सहा महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

"मग तसं सांगायचं ना मला!"

"घरच्याला सांगावं लागतंय व्हय, तू घरचा हाईस म्हणून?"

"लागतंय!" सुग्रीव इतक्या जोरात ओरडला की मेंढरं बिचकून मागं सरली. "लागतंय सांगावं! एकदा तरी सांगायचं, राधा!"

साखराबाई डोळे मिचकावत बघत होती. तिला पाण्याची घाई होती, पण हेही सोडवत नव्हतं.

राधाकिशनचा आवाज खाली आला. "अन तू? तू कशापायी गेलतास न जेवता? पाहुण्यायच्या पंगती उठल्या, मग आमी घरची माणसं बसलो. ऋतुजाबी बसली, निघायच्या आधी दोन घास खायला. तुझं पान वाढलं. म्हणली, सुग्रीवकाका आल्याबिगर मी घास घेत न्हाई. पोरं धाडली तुला हुडकायला. फोन बंद तुझा. तिकडं घाटनांदूरची, तिच्या सासरची माणसं गाडीत बसून हॉर्न वाजवायली. पोरगी तशीच उठली. उपाशी गेली माझी पोरगी, सुग्रीव. हे मी तुला दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

सुग्रीवनं पोलाला हात टेकला. पोल तापलेला होता, तरी त्यानं हात काढला नाही. भांडणासाठी त्यानं इतके दिवस कितीतरी वाक्यं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही आता कामाला येईना. सहा महिने तो स्वतःला उपाशी राहिलेला समजत होता.

"गावचा फिडर बंद केलाय," राधाकिशन म्हणाला. आता तो कामाचा आवाज होता. "हँडल ओढलंय, पाटी लावलीय. मी खुर्चीवरून हालत न्हाई. पहिलं अर्थिंग कर. मग चढ."

"चढतो."

त्यानं तारांवर अर्थिंगचा दांडा अडकवला, चुकून करंट आलाच तर जमिनीत जावा म्हणून, आणि चढला. फांदी तोडली, तार जोडली. नेहमीपेक्षा वेळ लागला. खाली उतरला, अर्थिंगचा दांडा काढला, साखराबाईला लांब उभं राहायला सांगितलं आणि फोन कानाला लावला.

"उतरलो."

"माणसं बाजूला हायेत?"

"हायेत. सोड."

लाईन आली. म्हातारीची मोटार घरघरली, पाइपातून आधी हवा फुसफुसली आणि मग हौदात पाणी पडायला लागलं. मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढली. साखराबाई काठी उगारत त्यांच्याकडं पळाली, फोन मागायचाही विसरली.

राधाकिशननं फोन ठेवला नव्हता. सुग्रीवनं फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"राधा," तो म्हणाला, "मग ती तिकडं जाऊन तर जेवली आसंल ना?"

पलीकडं पॅनेलची घूंघूं ऐकू येत होती.

"सासरी पहिल्या दिवशी कोणती पोरगी म्हणती बे, मला भूक लागलीय म्हणून," राधाकिशन म्हणाला.

सुग्रीव फोन कानाला धरून उन्हातच उभा राहिला. पलीकडूनही कुणी फोन ठेवला नाही.