जमिनीवर असेल तेवढंच

दार-एस-सलामच्या त्या नाल्याकाठची सगळी वस्ती नकाशावर आली होती, एक गल्ली सोडून. म्वाजाबूच्या फोनवर तिथं नुसता पांढरा चट्टा दिसायचा. गेल्या पुरात होडीवाल्यांना त्या गल्लीची वाट सापडली ती दुसऱ्या दिवशी, आणि तोवर दोन म्हाताऱ्या गेल्या होत्या. नकाशाचं काम वस्तीतलीच माणसं फुकट करत, म्वाजाबूही त्यांतलीच. पण गल्लीतलं कुणी सोबत असल्याशिवाय तिथली नोंद करायची नाही असं ठरलेलं. पाऊस पंधरा दिवसांवर आला होता.

पाठीला बांधलेल्या लेकीला सावरत म्वाजाबू त्या गल्लीतल्या सिवेमाच्या चुलीपाशी नमस्काराला वाकली. "शिकामू, मावशी."

"मराहाबा," सिवेमा म्हणाली, पण तव्याकडे बघूनच. खळग्यांतले वितुंबुआ, तांदळाचे गोड वडे, ती काडीनं उलटत होती. "आज कुणाचं घर मोजायला आलीस?"

"मोजायला नाही. तू माझ्याबरोबर चाल. तू निघालीस की सगळी गल्ली मागनं निघेल."

"चार वर्षांमागं तूच दारांवर खडूनं आकडे घातलेस. मदत येणारे म्हणालीस. आली की. लाल फुल्या आल्या, मग बुलडोझर आला."

"मला खरंच ठाऊक नव्हतं, मावशी."

"ते मला ठाऊक आहे. म्हणून तर अजून बोलते तुझ्याशी."

लेक कुरकुरली. सिवेमानं एक वितुंबुआ फुंकून गार केला, तुकडा मोडून तिच्या तोंडात दिला. मग पदराला हात पुसत उठली आणि गल्लीच्या टोकाशी जाऊन थांबली. तिथं फुटक्या विटा होत्या आणि कुणीतरी टाकलेला कचरा.

"इथं माझं घर होतं. दोन खोल्या. हे घाल नकाशात, मग तू म्हणशील तिथं येते. चार बायकाही आणते."

म्वाजाबूचा अंगठा फोनवर थबकला. चौकोन काढायला किती वेळ लागतो? शहानिशा होईपर्यंत पाऊस येऊन जाईल, आणि गल्ली तर नकाशावर येईल. सिवेमा तिच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही घालता येत, मावशी," ती शेवटी म्हणाली. "आज जमिनीवर असेल तेवढंच घालतात. होडीवाला घर शोधत इथं येईल आणि त्याला विटा सापडतील."

सिवेमानं पायानं एक विटेचा तुकडा बाजूला सारला.

"या खेपेला खरं बोललीस," ती म्हणाली. "तेव्हाही ठाऊक नाही म्हणाली असतीस तर बरं झालं असतं."

"येशील?"

"नाही गं. माझ्याच्यानं नाही व्हायचं." ती चुलीकडे वळली, दोन पावलांवर थांबली. "लेकीला घेऊन नाल्याकडनं जाऊ नको. साकवाची फळी मोडलीय. वरच्या अंगानं जा."

"साकवाचं तेवढं लिहू?"

"लिही. माझं नाव नको."

म्वाजाबूनं पांढऱ्या चट्ट्याच्या कडेला एक खूण केली, साकव मोडका असं लिहिलं आणि वरच्या अंगानं निघाली. आत सगळं कोरंच राहिलं.