नजरेआड अर्धं मिनिट

तपासनीस बाईंचा स्वभाव मुळातच संशयी, आणि नोकरीही नेमकी तशीच मिळालेली. नावाजलेल्या खेळाडूंना न कळवता गाठायचं, लघवीचा नमुना घ्यायचा आणि बंदी असलेलं औषध सापडतं का ते बघायला प्रयोगशाळेत पाठवायचा. नमुना हातात येईपर्यंत खेळाडू क्षणभरही नजरेआड होता कामा नये. झालाच, तर तसं फॉर्मवर लिहायचं, आणि मग चौकशी लागते.

आजची खेळाडू आठशे मीटर धावणारी, आणि पेशाने सर्जन. तिथेच बाईंच्या मनात पाल चुकचुकली होती. औषधांची कपाटं जिच्या हाताशी, ती धुतल्या तांदळासारखी कशी असेल? तीन आठवड्यांवर मोठी शर्यत होती. चौकशी लागली की ती हुकणार, आणि तिशी ओलांडलेल्या डॉक्टरला पुढची मिळायची आशा नव्हती.

ऑपरेशन आटोपून डॉक्टर बाहेर आली तशी बाईंनी तिला गाठलं. विश्रांतीच्या खोलीत चाळीस मिनिटं झाली, तरी नमुन्याचं नाव नाही.

"सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही," डॉक्टर म्हणाली. "ऑपरेशन मध्येच सोडून उठता येत नाही ना."

"प्रत्येकजण काही ना काही सांगतोच," बाई म्हणाल्या. डॉक्टर सीलबंद बाटलीतलं पाणी पीत राहिली आणि बाई तिचे घोट मोजत राहिल्या.

तेवढ्यात फोन वाजला. मघाच्या पेशंटला रक्तस्राव सुरू झाला होता.

"बरा मुहूर्त साधला पेशंटने," म्हणत बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"माझ्या मागे या," डॉक्टर म्हणाली आणि त्यांना बाजूला सारून पळाली.

मागे या म्हणे! ती देशात पहिली आलेली, आणि बाई जिना चढताना दोनदा थांबणाऱ्या. पहिल्या वळणालाच डॉक्टर दिसेनाशी झाली. दिली हातावर तुरी, बाईंना वाटलं. दुसरं वळण ओलांडून, धापा टाकत त्या दाराच्या काचेशी पोचल्या, तोवर अर्धं मिनिट गेलं होतं. आत डॉक्टर पेशंटच्या पोटावर दोन्ही हात दाबून उभी होती. बाई तासभर काचेला नाक लावून होत्या, पण आता पेशंट वाचावा म्हणून. तो वाचला तेव्हा त्यांचाही जीव भांड्यात पडला.

नमुना मिळाला. 'नजरेआड' या रकान्यात बाईंनी 'नाही' लिहिलं. एकोणीस वर्षांत त्या पहिल्यांदाच खोटं लिहीत होत्या.

डॉक्टरने सही करण्याआधी वाचलं. "हे खरं नाही. मध्ये दोन वळणं आहेत."

"असू दे. तुमची शर्यत जाईल."

"त्या वळणांपलीकडे मी काय केलं, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"मग तसंच लिहा."

बाईंना मान वर करवेना. त्यांनी 'नाही' खोडून 'अर्धं मिनिट' लिहिलं. डॉक्टर सही करून पेशंटच्या बायकोशी बोलायला गेली.

नमुना स्वच्छ निघाला, पण चौकशी लांबली आणि तोवर शर्यत होऊन गेली. समितीने बाईंना विचारलं, "त्या अर्ध्या मिनिटाबद्दल तुम्हाला काही शंका?"

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या.

समितीतल्या एकाने फॉर्म जवळ ओढला, खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं आणि बाईंकडे निरखून बघितलं. "डॉक्टरांची आणि तुमची ओळख कधीपासूनची?"