पुढच्या चाकाचा स्क्रू आणि मागची सीट

नवराबायकोमधलं अंतर कशानंही मोजता येत नाही, असं शहाणी माणसं सांगत आली आहेत. प्रभाकर वाळिंब्यांच्या बाबतीत ते मोजता आलं. हेळवाक ते चिपळूण, कुंभार्ली घाट धरून; रस्त्याकडेच्या दगडांवर आकडे आहेत, कुणीही जाऊन वाचावेत. फरक एवढाच, की हे सगळं अंतर त्यांच्या गाडीच्या आत होतं.

कराडहून निघताना गाडी नेहमीएवढीच होती. पांढरी, चार दारांची, मागच्या काचेवर भाच्याच्या लग्नाचा अर्धवट खरवडलेला कागद. वाळिंबे चालवत होते आणि त्यांची बायको कुमुद मागे बसली होती, कारण पुढच्या सीटवर तिचं शिवणयंत्र होतं. लाकडी पेटीत. त्याला सीटबेल्टही लावला होता.

कुमुद बहिणीकडे, शैलाकडे, चिपळूणला चालली होती. 'थोडे दिवस' असं म्हणाली होती. थोड्या दिवसांसाठी कुणी शिवणयंत्र नेत नाही, हे वाळिंब्यांना पेटी जिन्यावरून उतरवतानाच कळलं होतं. पण जिन्यात विचारावं तर पेटी हातातून सुटायची. मल्हारपेठेला विचारणार होते, तर तिथे गतिरोधक लागले. पाटणला कुमुदला डुलकी लागली. शेवटी त्यांनी घाटात विचारायचं ठरवलं. घाटात माणसाला समोर बघूनच बोलावं लागतं, ते अशा वेळी बरं पडतं. आणि घाटाच्या अलीकडे पुढचं डावं चाक करकरायला लागलं.

हेळवाकला हणमंत शेलारचं गॅरेज होतं, म्हणजे एक पत्र्याचं छप्पर आणि खाली तेलानं काळी झालेली जमीन. पुढचं चाक सावलीत यावं म्हणून हणमंतानं गाडी वळवून तोंडानं आत घेतली. त्यामुळे तिची मागची बाजू घाटाकडे झाली. त्या वेळी कुणाला त्यात काही वाटलं नाही.

"वहिनी, उतरताय का?"

"बाहेर ऊन आहे. मी बसते."

"बसा, बसा. जॅकला काय जड न्हाई."

चाक निघालं. हणमंतानं आत बोट घालून ब्रेकची डिस्क चाचपली आणि जिभेनं च्यक् केलं. "डिस्क खाल्लीय सायेब. बदलाया लागंल. दोन स्क्रू हाईत, ते काढलं की निघाली."

पहिला स्क्रू सुतासारखा निघाला. दुसऱ्याच्या डोक्यावरची फुली कुणीतरी आधीच झिजवून वाटीसारखी गुळगुळीत केली होती.

"हे कुणी केलं?" हणमंतानं विचारलं.

"मी नाही," वाळिंबे म्हणाले. ते खरं होतं, तरी त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटलं.

हणमंतानं गंजावर फवारा मारला, स्क्रूच्या कडेला तिरकी छिन्नी लावली आणि हातोडीचा ठोका दिला. कट् असा आवाज झाला.

"एक आटा सुटला बघा!"

स्क्रू मात्र होता तिथेच होता. बाहेर आली ती गाडी. पुढची सीट जिथल्या तिथे राहिली आणि मागची सीट कुमुदसकट हातभर मागे सरकली. मधल्या जागेत पायपुसण्याचा तोच करडा गालिचा होता, दाराला तेवढीच वाढीव काच होती, कुठे जोड दिसत नव्हता.

वाळिंब्यांनी हणमंताकडे पाहिलं. हणमंत स्क्रूकडे पाहत होता.

"अजून एक घेतो," तो म्हणाला.

दुसऱ्या ठोक्याला कुमुद छपराबाहेर गेली. तिसऱ्याला तिच्यावर ऊन आलं.

"अहो," ती म्हणाली, "मी उन्हात आले."

"काच वर घे."

"घेतली."

"हणमंतराव, गाडी लांब होतेय," वाळिंबे म्हणाले.

"होतीया खरी. स्क्रू भाईर येत न्हाई, पर आटं सुटत्यात."

"मग आटे जातात कुठं?"

"मागं," हणमंत म्हणाला, आणि त्यानं ज्या दिशेला हातोडी केली तिकडे कुमुद रस्ता ओलांडून पलीकडच्या उसाच्या रसाच्या गाड्यापाशी पोचली होती. रसवाल्यानं गाडीची काच वाजवून तिला ग्लास दिला. बर्फ नको, असं तिनं खुणेनं सांगितलेलं इथून दिसलं.

वाळिंब्यांच्या मनात आलं, आता विचारावं. पण हे ओरडून विचारायचं वाक्य नव्हतं. 'शिवणयंत्र कशाला नेतेस?' हे भर रस्त्यावर ओरडलं, तर ऐकणाऱ्याला वाटायचं, यंत्राचंच भांडण आहे.

"उलटं फिरवून बघा ना. घट्ट करा परत."

हणमंतानं छिन्नी दुसऱ्या अंगाला लावली. ती निसटून त्याच्या अंगठ्यावर बसली. "खाच एकाच बाजूनं धरतीया," अंगठा तोंडात घालून तो म्हणाला. "सुटायच्या. आवळायच्या बाजूला धरतच न्हाई."

"मग थांबा."

"थांबून काय? अर्धा सुटलेला स्क्रू घिऊन घाट उतरणार व्हय? खाली वळणं कसली हाईत ठावं हाय न्हवं?"

वाळिंब्यांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे त्यांना स्वतःलाही नीट कळलं नाही. हणमंतानं होकार धरला.

कट्. कट्. कट्.

गाडी घाटात उतरली. रस्त्याला वळणं होती म्हणून तिलाही वळणं आली. एक एसटी तिला ओव्हरटेक करायला निघाली आणि हॉर्न देत देत दिसेनाशी झाली. ओव्हरटेक पुरा झाल्याचं काही कळलं नाही. छपराच्या जरा पलीकडे दोन बायका गाडीच्या सावलीत टेकून बसल्या आणि त्यांनी डब्यातली भाकरी काढली. वाळिंबे पुढच्या दारातून आत डोकावले. एका लांबच लांब करड्या बोळाच्या टोकाला ठिपक्याएवढी कुमुद होती. ती बहुधा हात हलवत होती. बहुधा वारा घेत होती.

त्यांचा फोन वाजला.

"पोफळी गाव आलं," कुमुद म्हणाली. "इकडे ढग आहेत. तुम्ही जेवलात का?"

"नाही."

"पुढच्या कप्प्यात डबा आहे. शिवणयंत्राच्या पेटीवर ठेवून खाऊ नका, तेल सांडतं."

"कुमुद, ते शिवणयंत्र..."

कट्.

"काय? वळण आहे, ऐकू येत नाही," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

छिन्नीनं धरायला आता डोकंच उरलं नव्हतं. हणमंतानं ड्रिल आणलं. टोक स्क्रूच्या मध्यावर टेकवून त्यानं वाळिंब्यांकडे पाहिलं, म्हणजे काय ते तुम्ही सांगा. वाळिंबे शिवणयंत्राकडे पाहत होते. इतकी वर्षं ते त्यांच्या घरात दुपारी टकटकत होतं. त्या आवाजात त्यांना झोप चांगली लागायची. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. घाटात सांगता आलं असतं.

ड्रिल सुरू झालं. लोखंडाचे चकचकीत कुरळे केस खाली पडत राहिले. मग आत काहीतरी खट्कन मोकळं झालं आणि डिस्क आपसूक हणमंताच्या हातात आली.

फोन वाजला. "मी शैलाच्या दारात आहे," कुमुद म्हणाली. "तिचा मोती गाडीवर भुंकतोय. उतरते."

"थांब," वाळिंबे म्हणाले, पण तिकडून दार लावल्याचा आवाज आला. तो फोनमध्ये आला आणि बऱ्याच वेळानं गाडीतूनही आला.

हणमंतानं नवी डिस्क बसवली, चाक चढवलं, नट आवळले.

"आणि स्क्रू?"

"त्यो न्हाई लागत. चाकाचं नटच समदं धरत्यात. कंपनीत गाडी जोडताना डिस्क हातातनं पडू नये म्हणून लावत्यात नुस्तं." त्यानं हातातला भुगा पँटला पुसला. "ब्रेक दाबून बघा."

वाळिंब्यांनी आत बसून ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम लागला.

"अहो, इथं लाल दिवा लागला," फोनवर कुमुद म्हणाली. "शैलाच्या सगळ्या अंगणात लाल उजेड पडलाय."

त्यांनी पाय उचलला.

"गेला."

त्यांनी पुन्हा दाबला.

"लागला. काय चाललंय तुमचं?"

वाळिंब्यांनी पाय दाबूनच धरला. समोर गॅरेजची पत्र्याची भिंत होती. "कुमुद, शिवणयंत्र कशाला नेत होतीस?"

पलीकडे कुत्रं भुंकायचं थांबलं.

"पट्टा तुटलाय त्याचा," कुमुद म्हणाली. "कराडात मिळत नाही त्या मापाचा. इथं बाजारात एक जण ठेवतो. का हो?"

"काही नाही. आणि परत?"

"सोमवारी येणारच होते की. म्हटलं, तुम्ही न्यायला याल. आता ही गाडी वळवणार कशी तुम्ही?"

वाळिंबे खाली उतरले. ड्रिलखालच्या भुग्यातून त्यांनी स्क्रूचा उरलेला तुकडा शोधून काढला, धोतराच्या सोग्यासारखा जपून चिमटीत धरला आणि हणमंतापुढे केला.

"हा परत बसवा. घट्ट आवळा. जितका आवळता येईल तितका."

हणमंतानं तुकडा उजेडात धरून फिरवून बघितला.

"आटं न्हाईत याला आता," तो म्हणाला.