कमळाकरचा आंबा

पनवेलजवळच्या गावातलं जुनं घर पाडून तिथं बिल्डिंग उठली, तेव्हा अंगणातला रायवळ आंबाही गेला. कमळाकरनं मात्र त्याचे ओंडके कुणाला नेऊ दिले नाहीत. ताडपत्रीखाली रचून ठेवले आणि घरच्यांना बजावलं, "माझ्या सरनाला हाच आंबा लावा." गावची रीतच ती, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वाटलं ते एकट्या प्राचीला.

प्राची त्याची लेक. ऑफिसात इमारतींचा कार्बन मोजायची आणि घरी येऊन बापाला शिकवायची. "बाबा, या झाडानं जन्मभर हवेतला कार्बन ओढून आत साठवलाय. जाळलं की गेला सगळा परत हवेत. टेबल केलं तर वर्षानुवर्षं आत कोंडून राहील."

"आनि मी?" कमळाकर म्हणाला. "मी कसा जाऊ मंग?"

ती खो खो हसली. पुढं तो हॉस्पिटलात असताना तिनं सुतार बोलावून त्या ओंडक्यांचं जेवणाचं टेबल करून घेतलं. बाप बरा होऊन याच टेबलावर जेवेल, असं तिला मनापासून वाटत होतं. तो घरी आलाच नाही. गॅसच्या दाहिनीत सगळं उरकलं.

दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. नातेवाइकांनी नाही नाही ती वचनं देऊन पाहिली, कावळे आपले फांदीवर गप्प. खरं कारण प्राचीला ठाऊक होतं, पण चारचौघांत तोंड उघडेना. शेवटी दर्भाचा कावळा शिववून वेळ निभावली.

मग टेबलाचं सुरू झालं. भर दुपारी, पंख्याखाली, बापासाठी राखलेल्या जागेचं टोक कोमट लागायचं, नुकताच कुणी हात उचलल्यासारखं. कधीच वाळलेल्या लाकडातून चीक पाझरायचा. ऐन श्रावणात घरभर मोहोराचा वास सुटायचा. बापाला आपणच कोंडून घातलंय, या विचारानं प्राची झुरत चालली. एका रविवारी तिनं सरळ करवत आणली.

"आई, हे कापून जाळते आज. बाबांना जाऊ दे."

तिची आई वेणू स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तो आवाज थांबला.

"हात नको लावू," ती आतूनच म्हणाली. "तुझ्या बापाला मी थांबवलाय. कावला का शिवत नाय, मनाबी ठाव होता. मीच गप ऱ्हायले. माझ्या येलेला हाच लाकूड लाव. आमी दोघा संगती जाव."

प्राचीनं टेबलाला हात टेकला. बापाचं टोक कोमट होतंच. मग तिचा हात समोर, आईच्या जागेवर गेला. तीही कोमट होती. आई तर सकाळपासून ओट्यापुढून हलली नव्हती.

हे लाकूड आता कधीच जळू नये, असं तिला अगदी रडकुंडीला येऊन वाटलं.

"आई?" तिनं हाक मारली, आणि भाकरीचा आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत ती श्वास रोखून उभी राहिली.