दोन खाचांची फळी

मी तळ्याच्या धक्क्यावरची मापाची फळी. रंगाने काळपट, वासाचं तर विचारूच नका. पण या तळ्यातला प्रत्येक मासा घरी जाण्याआधी माझ्या अंगावर आडवा होऊन जातो. आहे का असा मान दुसऱ्या कुठल्या लाकडाला?

पूर्वी मी एका होडीचा तळ होते. होडी मोडली तेव्हा सुताराने मला कापलं, तासलं, एका टोकाला आडवी पट्टी ठोकली आणि अंगावर एक खाच पाडली. माशाचं तोंड पट्टीला टेकवायचं. शेपूट खाचेपर्यंत पोचली तर मासा टोपलीत, नाहीतर परत पाण्यात. लहानांना वाढू द्यावं, असं मंडळींनी एकमताने ठरवलं. एकमताने म्हणजे सकाळपासून भांडून, चहा संपल्यावर.

मग एका वर्षी मासा कमी आला. "यंदापुरती खाच जरा अलीकडे घेऊ," कोणीतरी म्हणालं. सुतार आला. पुढच्या वर्षी मासा आणखी कमी, म्हणून पुन्हा यंदापुरती. माणसांचं हे 'यंदापुरतं' मोठं चिवट असतं बाई! खाच सरकत सरकत अशी आली की बोटाएवढं पिल्लूही ऐटीत पास व्हायला लागलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जाळी रिकामी निघू लागली, तसं मच्छीमार मंडळाच्या अध्यक्षाच्या खुर्चीकडे कोणी फिरकेना. शेवटी ती सूनबाईच्या गळ्यात पडली.

सूनबाई म्हणजे तात्यांची सून. तात्या या तळ्यावरचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात बढाईखोर. सगळ्यांनी तोंडात बोटं घालावीत असा एक मासा धरायचा, हा त्यांचा जन्माचा ध्यास.

सूनबाईने खाच मूळ जागी नेली, अंड्यांच्या दिवसांत जाळी बंद ठेवली. पिल्लं पुन्हा दिसू लागली, पण म्हणावी तेवढी नाही. एका बैठकीत तिने दोन मासे आणून माझ्यावरच कापले. मध्यम माशाची अंडी मुठीत मावली. मोठ्या माशाची ओंजळीतून ओसंडली.

"आपण पोरींना सोडतो आणि आयांना खातो," ती म्हणाली. "मग घर भरायचं कसं?"

तिला माझ्यावर दुसरी खाच हवी होती, पार टोकाकडे. त्याहून मोठा मासाही परत पाण्यात सोडायचा. दोन वर्षं करून बघू, मग पुन्हा बसून ठरवू, असं तिचं म्हणणं.

"मोठा मासा सोडायचा? लोक वेड्यात काढतील आपल्याला," असा गलका झाला. हात मोजले तर दोन्हीकडे सारखे. उरला तात्यांचा. त्यांनी तो थाटात सुनेच्या बाजूने वर केला. "होऊ दे. एवढा मासा आता तळ्यात उरलाय कुठे?"

अहो, उरला होता ना! आणि आला तोही तात्यांच्याच जाळ्यात. दोघांनी उचलून माझ्यावर ठेवला, तर शेपूट दुसऱ्या खाचेच्या पुढे लोंबत होती. मी तर मोहरूनच गेले.

धक्क्यावर ही गर्दी. सगळे सूनबाईकडे बघत होते, की इथेही आपला तो बाब्या निघतो की काय. सासऱ्यांना सूट मिळाली असती, तर दुसऱ्या दिवशी नियमाला कुत्र्यानेही विचारलं नसतं आणि तळं पुन्हा ओस पडलं असतं.

"सूनबाई," तात्या हळूच म्हणाले, "तरुणपणापासून वाट बघतोय गं मी हिची."

"माहितीये मामंजी." तिचे डोळे भरून आले. "तुम्हाला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण हात तुम्हीच वर केला होता."

तात्यांनी माशाच्या टम्म पोटावरून हात फिरवला. "दिवस भरत आलेत हिचे," असं पुटपुटले, तिला उराशी धरलं आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन सोडून दिलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं. अभिमानही वाटला.

चार दिवस ते सुनेशी बोलले नाहीत. मग गोष्ट सांगायला लागले, आणि दर वेळी मासा वाढायला लागला. सध्या तो होडीएवढा झालाय. खरी लांबी मला ठाऊक, पण मला विचारतो कोण!

दोन वर्षांनी मंडळी पुन्हा बसली, भांडली. दुसरी खाच राहिली, बंदीचे दिवस थोडे अलीकडे आले. आता माझं एक टोक चिरलंय, तारेने बांधलंय, पण काम चालू आहे. माझी विनवणी एवढीच: खाच हलवायची तर खुशाल हलवा, बाबांनो, पण आधी पाण्यात डोकावून बघा आणि मग सुताराला हाक मारा.

आज सकाळी धक्क्याखाली पिल्लांचे थवेच्या थवे होते. तात्या गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होते.

"ह्यातली तिची किती असतील गं, सूनबाई?"

"सगळीच धरा की, मामंजी."

तात्या सरळ झाले आणि होडी पाण्यात ढकलणाऱ्यांना म्हणाले, "हळू रे जरा. नातवंडं आहेत माझी."