बाराच्या आत

ईस्टरच्या सोमवारी आमच्या गावातल्या पुरुषांना ऊत येतो. वाळुंजाच्या ओल्या काड्यांची वेणी घालायची, घरोघर जाऊन बायकांच्या पोटऱ्यांवर हलके फटके मारायचे आणि वर रंगवलेलं अंडं नि आलुबुखाराच्या दारूचा पेला उकळायचा. फटके खाल्ले की बाई वर्षभर टवटवीत राहते म्हणे! पण हा माज दुपारी बारापर्यंतच. त्यानंतर येणाऱ्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायचा हक्क आम्हा बायकांचा.

माझे वडील अशाच एका ईस्टरच्या सोमवारी पहाटे ती वेणी हातात घेऊन निघाले. "बहिणीकडे जाऊन येतो, बाराच्या आत परत," असं आईला म्हणाले आणि शुमावाच्या डोंगरातून सीमा ओलांडून परदेशात पळाले. कर्नल ओताकार ह्रुष्का, महायुद्धात इंग्लंडला जाऊन जर्मनांशी लढलेले. पण त्या वर्षी, अठ्ठेचाळीसच्या फेब्रुवारीत, आमच्याकडे कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि इंग्रजांच्या बाजूने लढलेले अधिकारी एकेक करून तुरुंगात जायला लागले. सणाच्या दिवशी काड्यांची वेणी घेतलेल्या माणसाला रस्त्यात कोण हटकणार? डोकं होतं हो माणसाला. मी तेव्हा पाळण्यात होते.

आईची शाळेतली नोकरी गेली. "नवऱ्याला घटस्फोट दे, पोरीला कॉलेजात घेऊ," असं तिला वरून पुन्हा पुन्हा सांगून झालं. तिने सही केली नाही म्हणजे नाही. म्हणून मी सहकारी गोठ्यात गाईंच्या धारा काढत चाळिशी ओलांडली. गाई काही वाईट नसतात, पण मला डॉक्टर व्हायचं होतं. आईबापांवर, दोघांवरही माझा राग होता, आणि राग झाकून ठेवायची मला सवय नाही.

गेल्या हिवाळ्यात ते सरकार कोसळलं. परागंदा झालेल्या अधिकाऱ्यांना त्यांचे हुद्दे परत मिळाल्याचं पेपरात आलं. आणि यंदाच्या ईस्टरच्या सोमवारी शेजारचे म्हातारे पाव्लीचेक फटके मारायला म्हणून आले ते धापा टाकतच.

"आनेझ्का, तुझा कर्नल पुलावर उभाय! सकाळपासून. ओढ्याकाठच्या काड्या तोडून वेणी घातलीय, पण पाय उचलत नाही. जर्मन रणगाड्यांना भ्यायला नाही म्हणे हा!"

"उभा राहू दे," आई म्हणाली. पण तिच्या हातातलं अंडं टेबलावर आपटून फुटलं.

"मी त्यांना घरात घेणार नाही," मी म्हटलं.

"घर माझं आहे, यारमिला. तू बादली भर."

मी ती आनंदाने काठोकाठ भरली.

चर्चची बाराची घंटा झाली. बऱ्याच वेळाने दार वाजलं. दारात एक वाळलेला म्हातारा, अंगावर जुना कोट, हातात ती वेणी.

"तू यारमिला का गं?"

"हो. गोठ्यातली."

त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात आईने मला बाजूला सारलं आणि अख्खी बादली त्यांच्या अंगावर रिकामी केली. ते सावधान उभे राहिले. नाकावरून, कोटावरून पाणी बुटांत उतरत होतं.

"बारा वाजून गेले, ओता."

"माहीत आहे. आनेझ्का, मी तुला मुद्दाम सांगितलं नाही. पोलीस तुला विचारायला येणार होते. तुला खोटं बोलावं लागू नये म्हणून..."

"मी खोटंच बोलले!" आईचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "रात्र रात्र उभं करून विचारायचे, आणि मी म्हणायची, मला काही ठाऊक नव्हतं. अरे, दोन दोन जोड्या मोजे चढवून बहिणीकडे कोण जातं? मी पाहत होते तुला घालताना. म्हटलं, आता सांगेल, दारात तरी सांगेल. मी आडवी येणार होते का? नीट निरोप दिला असता. पण कर्नलसाहेबांचा बायकोवर भरवसाच नाही!"

हे मलासुद्धा नवीन होतं. ते न सांगता गेले एवढंच मी आयुष्यभर ऐकत आले होते. तिला सगळं कळलं होतं आणि तिने त्यांना जाऊ दिलं होतं. माझा राग क्षणभर कुठे ठेवावा तेच मला कळेना.

ते रडत होते. "बिस्किटांच्या कारखान्यात पेट्या उचलायचो तिकडे इंग्लंडात. रोज वाटायचं, तू मला शिव्या देत असशील."

"देतच होते."

मग ते माझ्याकडे वळले. "पोरी, तुझं तर मी..."

"माझं नंतर," मी म्हटलं. "माझं भांडण मोठं आहे, ओल्या कपड्यांत उरकायचं नाही."

"मी संध्याकाळच्या बसने जाईन," ते घाईघाईने म्हणाले. "एकदा फक्त बघायचं होतं."

आई आत गेली. मला वाटलं, संपलं. ते पायरीवर बसून बूट काढायला लागले. पावलं थंडीने निळी पडली होती, आणि मी ती रिकामी बादली दाराआड ढकलली.

आई पंचा आणि लोकरीचे मोजे घेऊन बाहेर आली. मोजे तिने त्यांच्या मांडीवर टाकले.

"एकच जोडी आहे," ती म्हणाली. "एकच घालायची."