एक लिहायला, एक चुकायला

माझ्या हातून आयुष्यात एकच चोरी झाली, आणि तीही आमच्याच घरात, सकाळी सव्वाआठला, सख्खा भाऊ आंघोळीला गेलेला असताना. चोरीचा माल म्हणजे एक पाकीट. ते का उचललं हे सांगायचं तर पेनापासून सुरुवात करावी लागेल.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. शाळेत चित्रकला शिकवायचा, आता निवृत्त. पण त्याचं जीव लावून केलेलं काम वेगळंच. परिचारिकांच्या शाळेतून दरवर्षी ऐंशी मुली पास होतात, त्यांच्या प्रमाणपत्रांवर नावं लिहायची. एकोणतीस वर्षं त्याने ती लिहिली. बाकी मजकूर छापील, मधे एक रेघ कोरी, त्या रेघेवर दादाचं अक्षर. उभी रेघ जाड, वळण बारीक, शिरोरेघ तर केसासारखी. त्याला लागते लवचीक निब. दाबलं की निबेचे दोन पाय फाकतात आणि शाई जाड उतरते, हात हलका केला की पाय पुन्हा जुळतात. शास्त्र एवढंच. बाकी सगळा हात.

आणि गेल्या हिवाळ्यात त्या हातावरून वारं गेलं. फार नाही, झुळूकच म्हणा. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. चार महिने मी त्याला उठवलं, बसवलं, भरवलं, धरून चालवलं. लग्न त्याचंही झालं नाही आणि माझंही, त्यामुळे दुसरं कोणी करायला नव्हतंच. पण मी तोंड बंद ठेवून सेवा केली असं कुणी म्हणू नये. "घास गिळ की! गालात कशाला साठवतोयस, उन्हाळ्यासाठी?" असली माझी भाषा. तो आपला एका बाजूने हसायचा.

हळूहळू हात परत आला. कप धरता यायला लागला, शर्टाची बटणं लागायला लागली. दाब तेवढा आला नाही. पहिल्यांदा पेन हातात घेतला त्या दिवशी तो सुटला आणि फरशीवर पडला. पेन पडला की निबेवरच पडतो. ती जुनी सोन्याची निब होती, चोचीसारखी वर वळली. दुरुस्तीवाला म्हणाला, नवी सोन्याची घ्यायची तर घरातलं काहीतरी विकावं लागेल. विकण्यासारखी आमच्याकडे मीच होते, आणि मला कोणी घेतलं नसतं.

त्यातच परिचारिकांच्या शाळेचं पत्र आलं. मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका, सभ्य बाई आहेत. त्यांनी लिहिलं होतं की तुमची तब्येत कळली, त्रास होत असेल तर यंदा नावं यंत्रावर छापून घेऊ. जमणार असेल तर नमुना म्हणून एक प्रमाणपत्र लिहून गुरुवारी शिपायाकडे द्या, नाव कुठलंही घाला. सोबत दोन कोरी प्रमाणपत्रं होती. ही दादाचीच जुनी रीत, नवी निब बसवली की तो शाळेकडून दोन मागवायचा, एक लिहायला आणि एक चुकायला.

दादाने पत्र तीनदा वाचलं. "छापतील मग," म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. चष्मा स्वच्छच होता. हे काम गेलं तर हा माणूस उरलेलं आयुष्य चष्मा पुसण्यात घालवेल हे मला तिथेच दिसलं.

शनिवारी त्याला रिक्षात घालून पेनांच्या दुकानात नेलं. दुकानदार बोलका. स्वस्तातल्या लवचीक निबेचे तीन पेन त्याने काचेवर मांडले. "हा पहिला घेऊ नका, नुसता नावाला लवचीक आहे, दाबता दाबता अंगठा बसेल. हा दुसरा बरा, पण याच्या अंगाला वास येतो, दोन महिन्यांत जातो. तिसऱ्याला वास नाही आणि त्याच्या निबेला काही गुणही नाही."

दादाने तिन्हींनी लिहून पाहिलं. मग मी शहाणी पुढे झाले. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या बनवते. तीस वर्षं घासून घासून माझ्या बोटांत सुताराचं बळ आलंय. दुसरा पेन घेतला, कागदावर दाबला, निब कशी झकास उघडली! "हाच," मी म्हटलं. "बघ, लोण्यासारखा चालतोय."

"छान आहे," दादा म्हणाला.

आता, पेन ज्याचा त्याने आपल्या हाताने बघून घ्यायचा असतो. दुसऱ्याच्या पायाचं माप देऊन कोणी चप्पल आणतं का? पण आम्ही आणली. घरी येऊन तो दोन दिवस लिहीत बसला, आणि विचारलं की "छान आहे" एवढंच. सोमवारी कचऱ्याचा डबा रिकामा करताना मला कागद सापडले, घडी घालून, लिहिलेली बाजू आत. उघडून बघितले. सगळ्या रेघा एका जाडीच्या, तारेसारख्या, आणि थरथरणाऱ्या. त्याच्या हाताने निब उघडतच नव्हती. मला वाईट वाटू नये म्हणून छान होतं सगळं.

मी कागद पुन्हा घडी करून डब्यात टाकले आणि पेन घेऊन लॅबला गेले. त्याला सांगितलं, शाई गळतेय, दुकानदाराला दाखवते.

लॅबमध्ये कवळी अडकवायच्या तारेच्या आकड्यांना धार राहू नये म्हणून आम्ही ते बारीक चकतीवर घासतो. त्याच चकतीने निबेच्या दोन्ही खांद्यांतून एकेक अर्धचंद्र काढायचा बेत केला. खांदे बारीक झाले की निब कमी दाबात वाकणार, इतकं माझ्या धंद्याने मला शिकवलंय. पहिली निब मी जास्त घासली. ती इतकी मऊ झाली की एकदा फाकलेले पाय परत जुळेनात. जेवणाच्या सुट्टीत तसाच दुसरा पेन आणला. स्वस्त वस्तूचा हा एक मोठेपणा आहे, चुकायला परवडते. दुसरी निब चार वेळा थांबून, मोजून घासली. आता नुसतं टेकवलं तरी उघडायला लागली, पण शाई पुरेना. जाड रेघ ओढली की कडेच्या दोन रेघा उमटायच्या आणि मधे कोरं. मग निबेखालची काळी जीभ, जिच्यातून शाई येते ती, उकळत्या पाण्यात धरून मऊ केली आणि निबेला चिकटेपर्यंत दाबली. तेव्हा कुठे रेघ भरून यायला लागली. सहकारी म्हणाली, "कुणाची कवळी एवढी मन लावून करतेयस गं?" म्हटलं, भावाची.

मंगळवारी संध्याकाळी पेन टेबलावर ठेवला. "शाई थांबली," एवढंच सांगितलं. दादाने निब उजेडात धरून बघितली आणि "बरं" म्हणाला.

बुधवारी मी कामावरून आले तेव्हा पाकीट तयार होतं, डिंक लावून चिकटवलेलं. "झालं?" "झालं." मी आधी डबा बघितला. चार कागद. रेघा जाड-बारीक होत होत्या खऱ्या, पण वेड्यावाकड्या, एक उजवीकडे कललेली तर एक पोटात वाकलेली. माझा धीर सुटला. मोठ्या बाई हे बघतील, सभ्यपणे हसतील आणि यंत्रवाल्याला फोन करतील.

दादाचं अक्षर मला येतं. लहानपणी त्यानेच माझा हात धरून गिरवून घेतलंय. शिवाय माझा धंदाच नकलेचा आहे. शेजारचा दात कसा, तसाच हुबेहूब करायचा. गुरुवारी सकाळी तो आंघोळीला गेला. चुकायला दिलेलं दुसरं प्रमाणपत्र टेबलावर होतं, पेन होताच. एका मुलीचं नाव मनाने रचलं आणि एका बैठकीत लिहून काढलं. एकोणतीस वर्षांपूर्वीचा दादा जसाच्या तसा. नव्या पाकिटात घालून ते शिपायाला दिलं आणि दादाचं पाकीट न उघडता माझ्या कपाटात, साड्यांखाली ठेवलं. उघडून बघायची हिंमत नव्हती. बघितलं असतं तर पाठवावं लागलं असतं, नाहीतर फाडावं तरी.

शनिवारी दुपारी शिपाई ऐंशी प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन आला. वर चिठ्ठी होती: "अक्षर पूर्वीसारखंच सुंदर. यंदाही आपणच लिहावं." आणि खाली नमुना परत. तो परत येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीस वर्षं नकला करते, पण आमच्याकडून गेलेला दात कधी परत येत नाही.

दादाने नमुना हातात धरला. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात ओला पेला.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

"असं कसं? अक्षर तर—"

"उभ्या रेघा सगळ्या सारख्या आहेत, ठमे. माझ्याने आता दोन रेघा सारख्या येत नाहीत." घरात मला ठमीच म्हणतात. "माझा कागद कुठे आहे?"

"कपाटात."

"बघितलास?"

"नाही."

त्याने गठ्ठा माझ्या बाजूला सरकवला. "त्यांनी तुझं अक्षर पसंत केलंय. लिही तूच." पेनाला टोपण लावलं, पेन गठ्ठ्यावर ठेवला आणि पेपर उघडून वाचायला लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. त्याने तर दोन दिवस माझ्याशी "मीठ दे"च्या पलीकडे शब्द काढला नाही, आणि माझी लाज मला घरभर मागे मागे घेऊन फिरावी लागली.

सोमवारी लॅबला दांडी मारली आणि दोन्ही घेऊन शाळेत गेले, माझा नमुना आणि त्याचं चिकटवलेलं पाकीट. मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवून सांगून टाकलं. "तुम्ही पसंत केलंत ते मी लिहिलंय. भावाचं यात आहे. तो चोर नाही, मी आहे. छापायचं तर छापा, पण त्याचं बघून छापा."

बाईंनी पाकीट पट्टीने फाडलं. कागद बाहेर काढला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला उलटं दिसत होतं. शाई दिसत होती, जाड, बारीक, पुन्हा जाड. रेघा थरथरल्या होत्या, पण एकही मोडली नव्हती. डब्यातल्या कागदांपेक्षा कितीतरी बरं होतं. ते चार त्याने चुकायला घेतले होते, आणि मी नेमके तेच वाचले होते.

"ही मुलगी कोण?" बाईंनी विचारलं. "आमच्या यादीत नाही." आणि त्यांनी नाव वाचलं.

ते माझं होतं. शाळेच्या दाखल्यावरचं, पूर्ण, जे घरात गेल्या पन्नास वर्षांत कोणी उच्चारलं नसेल. त्याखाली छापलेलं: यांनी रुग्णसेवेचा अभ्यासक्रम समाधानकारकरीत्या पूर्ण केला आहे.

"मी," मी म्हटलं. मी रडले. साठाव्या वर्षी, परक्या बाईच्या टेबलापुढे उभं राहून रडले, आणि बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

पाणी पिऊन होईपर्यंत त्या थांबल्या. मग विचारलं, "या हाताने ऐंशी होतील?"

"रोज चार केली तर वीस दिवस."

"समारंभाला सव्वीस आहेत." त्यांनी माझा नमुना मधोमध फाडून टोपलीत टाकला आणि दादाचा माझ्या हातात दिला. "आता परत हात बदलू नका."

घरी आले तेव्हा दादा पेपर वाचत होता, तोच, शनिवारचा. मी गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला, वर पेन, वर त्याचा कागद.

"त्यांनी हे पसंत केलंय," मी म्हटलं. "रोज चार."

त्याने पेपर खाली ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. "निब चांगली घासलीस. डावा खांदा जरा जास्त गेलाय."

"तुला कळलं होतं?"

"डोळ्यांवरून वारं नव्हतं गेलं."

मी समोरची खुर्ची ओढून बसले. जीभ माझी आहे, ती थोडीच गप्प बसणार?

"चार महिने हाडाची काडं केली तुझ्यासाठी," मी म्हटलं, "आणि नुसतं समाधानकारक?"

दादाने पहिलं प्रमाणपत्र पुढे ओढलं. "तोंड फार चालायचं तुझं," म्हणाला, आणि निब कागदावर टेकवली.